वरचा ओटा

"स्वयंपाकघराला कसली आलीय परवानगी, वहिनी?" सुतार म्हणाला. "तुमचं घर, तुमचा ओटा. भिंतीत खिळा ठोकताना कुणाला विचारता का?"

मला नेमकं हेच ऐकायचं होतं, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही. दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभं राहून माझ्या पायांचे तुकडे पडलेले असतात. "आता कसं दिसतंय? आणि आता? आधीचं बरं की हे बरं?" हे विचारून विचारून जीभ वळेनाशी होते. घरी आल्यावर आणखी कुणाला काही विचारायची माझ्यात ताकद उरत नाही. सुतार म्हणाला लागत नाही, तर लागत नाही. विषय संपला.

तसं पाहिलं तर स्वयंपाकघर आमच्या घरात होतंच. खालच्या मजल्यावर, चांगलं ऐसपैस. पण ते सासूबाईंचं होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यात स्वयंपाक करत होते आणि अजूनही तिथे पाहुणीच होते.

सासूबाई भांडत नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द सुनावता आले असते. त्या दुरुस्त करतात. मी साखरेचा डबा डावीकडे ठेवला की संध्याकाळी तो उजवीकडे असतो. लायटर मी खिडकीत ठेवला की थोड्या वेळाने तो आपल्या खिळ्याला लटकलेला दिसतो. शब्द नाही, आवाज नाही, कपाळाला आठी नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो हात. मी गॅससमोर उभी असते, कढईत कांदा पडलेला असतो, आणि मागून, माझ्या कमरेजवळून एक हात पुढे येतो, बटण धरतो आणि गॅस बारीक करतो. मग हात निघून जातो. लेक लहान होती, ती शाळेत गेली, शिकली, नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, आणि तो हात येतच राहिला.

कुणीही म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात. खरंच एवढीशी गोष्ट आहे. फक्त ती रोजची आहे. मला कढई सणसणीत तापलेली आवडते. कांदा पडला की तो ओरडला पाहिजे. माझ्या हयातीत एकदा तरी तो मला हवा तसा ओरडावा, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा उरली होती, आणि या वयात बायका याहून मोठ्या महत्त्वाकांक्षा बाळगत असतील असं मला वाटत नाही.

लेकीची वरची खोली रिकामी झाली तेव्हा माझ्या डोक्यात ओटा आला. खोली मागच्या बाजूला, बाथरूमला लागून, त्यामुळे पाणी हाताशी. एकच खिडकी. खिडकीखाली ओटा, ओट्यावर दोन बर्नरची शेगडी, बाजूला छोटं सिंक, समोरच्या भिंतीला कपाटं, मध्ये जुनं टेबल आणि खुर्च्या. घर सोडायचं नव्हतं, जिनासुद्धा उतरायचा नव्हता. फक्त मागून हात येणार नाही अशी एक जागा हवी होती.

सासूबाईंना मी सांगितलं की पाहुणे आले तर वर चहापाण्याची सोय होईल.

"आपल्याकडे पाहुणे येतात कुठे?" त्या म्हणाल्या.

हे खरं होतं. आमच्याकडे पाहुणे येत नाहीत, कारण आमच्या घरात खरं बोलण्याचं दुखणं आहे. ते सासूबाईंकडून माझ्या नवऱ्याकडे उतरलं आहे. कुणाच्या घरी जेवायला गेलं आणि त्या घरच्या बाईने "जेवण कसं झालं?" असं विचारलं, तर सासूबाई थोडा विचार करतात आणि "मीठ कमी होतं" असं सांगतात. त्यांना कुणाला दुखवायचं नसतं. विचारलं, म्हणून सांगितलं. आमचे हेही तसेच. नवी साडी नेसून मी समोर उभी राहिले तर हे चष्मा पुसून घेतात आणि मग मत देतात. लग्नाआधी मला वाटलं होतं, खोटं न बोलणारा नवरा मिळाला, नशीब काढलं.

पाहुण्यांची थाप मी मारली तेव्हा हे शेजारीच उभे होते. गप्प राहिले. गप्प राहणं ही यांची खोटेपणाची कमाल मर्यादा.

सुताराने काम झपाट्याने केलं. काळ्या दगडाचा ओटा बसला, त्याच्या ओळखीच्या माणसाने नळ जोडला, सांडपाण्याचा पाइप बाथरूमच्या पाइपाला नेऊन भिडवला, वायर ओढली, गॅसची नळी खालून वर आणली आणि एक्झॉस्ट फॅनसाठी खिडकीच्या वर भिंतीला भोक पाडलं. मी लायटरसाठी माझ्या हाताने खिळा ठोकला, डाव्या बाजूला. साखरेचा एक छोटा डबाही नेऊन डावीकडे ठेवला. संध्याकाळी वर जाऊन पाहिलं, डबा डावीकडेच होता. मी त्या रिकाम्या खोलीत उगाच थोडा वेळ बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी हे कामावरून आले ते खुललेल्या चेहऱ्यानेच.

"अगं, मी बांधकाम खात्यात जाऊन आलो," हे म्हणाले. "म्हटलं, एकदा विचारून घेतलेलं बरं."

"काय विचारलंत?"

"स्वयंपाकघर करायला परवानगी लागते का, ते. तर आपला सुतार अर्धा बरोबर आहे. असलेलं स्वयंपाकघर असलेल्या जागी नवं केलं, म्हणजे कपाटं बदलली, फरशी बदलली, सिंकच्या जागी सिंक बसवलं, तर कुणाला विचारायला नको. पण जिथे नव्हतंच तिथे करायचं, म्हणजे नवा पाइप, नवी वायर, गॅस, भिंतीला भोक, तर परवानगी लागते."

"अहो, पण काम तर झालंय."

"तेच सांगितलं मी त्यांना. ते म्हणाले, मग माणूस पाठवतो बघायला. शुक्रवारी येतोय."

काम झाल्यावर परवानगी विचारायला जाणारा आणि काम झालंय हेही आपणहून सांगून येणारा माणूस त्या ऑफिसात आधी कधी आला असेल असं मला वाटत नाही. मी खुर्चीत बसले. रागवायचं होतं, पण रागवायलाही उभं राहावं लागतं, आणि पाय दुखत होते.

शुक्रवारी मी दुकानातून लवकर आले. इन्स्पेक्टर माझ्याच वयाचा, पोक आलेला, जिना चढताना कठड्याला धरून थांबणारा माणूस होता. कागद हातभर लांब धरून वाचत होता. याचा जवळचा नंबर वाढलाय, हे मला दारातच कळलं. घर सासूबाईंच्या नावावर आहे, त्यामुळे मालक हजर हवा म्हणून त्याही हळूहळू वर आल्या. काम सुरू झाल्यापासून त्या पहिल्यांदाच वर येत होत्या. त्यांनी ओट्यावरून बोट फिरवलं, खिळ्यावरच्या लायटरकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. काही हलवलं नाही.

इन्स्पेक्टरने सिंकमध्ये पाणी सोडून पाइपाला कान लावला, बटणं दाबली, फॅनमध्ये कागदाचा कपटा धरून पाहिला.

"पाइपाला उतार कमी आहे, तो वाढवा. या फॅनसाठी खाली वेगळा स्विच हवा. गॅसची नळी भिंतीतून जाते तिथे बाहेरून दुसरी नळी घाला. किरकोळ आहे सगळं, होऊन जाईल," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. "अडचण ती नाहीये."

"मग काय आहे?" मी विचारलं.

"घरात हे दुसरं स्वयंपाकघर झालं. आमच्याकडे घर कसं मोजतात? स्वयंपाकघरावरून. एका घरात दोन ठिकाणी वेगवेगळा स्वयंपाक होत असेल, तर ती दोन घरं धरतात. मग दोन घरांचे नियम लागतात. वरच्याला वेगळा जिना, वेगळा दरवाजा, मधल्या छताला आग अडवणारा थर, मीटर वेगळा. तुमचा जिना लाकडी आहे आणि बैठकीच्या खोलीतून येतो. म्हणजे ते काही या घरात बसत नाही. ओटा काढावा लागेल."

सिंकच्या नळातून थेंब पडत होते.

"पण," इन्स्पेक्टर म्हणाला आणि त्याने आमच्याकडे एकेक करून पाहिलं, "घर एकच असेल, माणसं एकत्र जेवत असतील, आणि वर फक्त सोय म्हणून ओटा असेल, तर प्रश्नच येत नाही. मी आत्ता मंजूर करून टाकतो. बऱ्याच लोकांचं तसंच असतं. तर मला एवढंच सांगा, तुमचं जेवणखाण एकत्र आहे ना?"

इतकं ताटात वाढून दिलेलं वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. फक्त हो म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं, पण आमच्या ह्यांनी तोवर घसा साफ केला होता.

"सध्या एकत्र आहे," हे म्हणाले. "पण हा ओटा झाला की वेगळं होणार आहे. हिला आईपासून वेगळा स्वयंपाक करायचाय. म्हणून तर केला."

मी खाली फरशीकडे पाहिलं. नवी फरशी होती, करड्या रंगाची, मीच निवडलेली. इतकी वर्षं जे वाक्य मी मनातल्या मनातही नीट उच्चारलं नव्हतं, ते यांनी एका सरकारी माणसासमोर, आईसमोर, हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलून टाकलं होतं. धरणी दुभंगावी वगैरे म्हणतात तसं काही होत नाही. माणूस तिथेच उभा राहतो आणि फरशीच्या सांध्यातलं सिमेंट बघत बसतो.

इन्स्पेक्टरने डोळे चोळले. "साहेब, मी पुन्हा विचारू का?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. मग तो सासूबाईंकडे वळला. "आजी, मालक तुम्ही. तुम्ही सांगाल ते मी धरतो. एक घर की दोन?"

सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. "मला आत्ता नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "जे खरं नाही ते मी सांगणार नाही. खरं काय आहे ते मला आजच कळलंय."

"मग पुढच्या शुक्रवारी येतो. तोवर नियमाप्रमाणे गॅस बंद ठेवावा लागेल." त्याने शेगडीच्या नळीला एक पट्टी गुंडाळली, तिला शिक्क्याची खूण लावली आणि कठड्याला धरून खाली उतरला. दारात मी त्याला म्हटलं, "तुमचा नंबर वाढलाय." तो म्हणाला, "बायकोही तेच म्हणते. वेळ होत नाही."

तो गेल्यावर मी यांना विचारलं, "तुम्हाला गप्प बसता आलं नसतं?"

"त्यांनी विचारलं ना," हे म्हणाले. खरोखरच बुचकळ्यात पडले होते. यांच्यावर चिडणं म्हणजे तराजूवर चिडण्यासारखं आहे.

तो आठवडा मला आठवावासा वाटत नाही. माझा ओटा वर पट्टी बांधून पडला होता आणि मी खाली, त्याच जुन्या गॅससमोर उभी होते. सासूबाईंच्या एका वाक्यावर माझी ती एवढीशी जागा राहणार होती किंवा जाणार होती, आणि त्यांच्याकडे मागायला माझ्याजवळ तोंड नव्हतं. काय मागणार? तुमच्यापासून सुटका करून घ्यायची आहे, तेवढी तुमची सही द्या, असं?

आणि मागून हात येईना.

पहिल्या संध्याकाळी मी सवयीने गॅस मोठा करून कांदा टाकला आणि वाट पाहत राहिले. वाट पाहत होते हे मला कांदा करपल्यावर कळलं. मागे वळून पाहिलं तर त्या टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या, मान खाली घालून. जळका वास सगळ्या घरभर झाला तरी त्यांनी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी दूध उतू गेलं. इतकी वर्षं मी गॅस मोठा ठेवत आले, कारण तो वेळेवर बारीक होणारच होता. माझा अर्धा स्वयंपाक त्या हाताने केलेला होता, हे कळून मला काही बरं वाटलं नाही. उलट आणखीच दमल्यासारखं झालं.

रविवारी दुपारी हे झोपले होते. सासूबाई मटारच सोलत होत्या. त्या आठवड्यात आम्ही सारखे मटार खात होतो. मी समोर बसून शेंगा घेतल्या.

"वेगळं व्हायचं होतं तर मला सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

"घर वेगळं नको होतं, आई. ओटा हवा होता."

"कधीपासून?"

मी या घरात इतकी राहिले आहे की ते दुखणं मलाही थोडं लागलं आहे. "पहिल्या वर्षापासून," मी म्हटलं.

त्यांनी दोन-तीन शेंगा सोलल्या. "मला पहिल्या दिवसापासून हवा होता," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाई माझ्या हातातली पळी काढून घ्यायच्या. मी निदान तुझी पळी तुझ्या हातात ठेवली."

मला हसू आलं. "मग तुम्ही मागितला का नाही?"

"कुणाकडे? त्यांच्याकडेच?" त्यांनी टरफलं एका बाजूला सारली. "आणि त्या गेल्या तेव्हा मला वाटलं, आता हा ओटा माझा. मग तू आलीस."

मी त्यांच्या ओट्याकडे पाहिलं. खिळ्यावरचा लायटर, उजवीकडचा डबा. हे सगळं मला आजवर हट्ट वाटत आलं होतं. आपल्या हक्काची जागा मिळाली म्हणून ती सांभाळत बसलेली बाई त्यात मला कधी दिसली नव्हती. दुकानात मी लोकांना भिंग बदलून बदलून दाखवते, आणि स्वतःच्या घरात मात्र एकच काच लावून बसले होते.

"तो गॅसचा हात," मी शेवटी म्हटलं. "तो मला सोसत नव्हता, आई."

"ठाऊक आहे."

"ठाऊक होतं?"

"तुझी पाठ ताठ व्हायची. दिसायचं मला." त्या मटाराकडे बघत बोलत होत्या. "मुद्दाम नाही करत मी. मोठी आच बघितली की हात आपोआप जातो. बघितली की राहवत नाही."

"मग आता कसा जात नाही?"

"बघतच नाही," त्या म्हणाल्या. "मटार सोलते."

त्यांनी सोललेले दाणे माझ्याकडे सरकवले आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. शुक्रवारबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि मलाही विचारवलं नाही.

शुक्रवारी इन्स्पेक्टर आला तेव्हा सासूबाई आधीच वर जाऊन बसल्या होत्या. सुताराने पाइप नीट करून घेतला होता, स्विच बसवला होता, भिंतीतल्या गॅसच्या नळीवर दुसरी नळी घातली होती. इन्स्पेक्टरने ते पाहिलं, मान डोलावली आणि यांच्याकडे न बघता थेट सासूबाईंकडे वळला. तेवढा तो शिकला होता.

"काय ठरलं, आजी?"

"माझा मुलगा त्या दिवशी खोटं बोलला नाही," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा वेगळंच होणार होतं. पण तसं झालं तर ओटा राहत नाही, असं तुम्ही म्हणता. म्हणून मी ठरवलंय. दुपारचं जेवण खाली, माझ्या ओट्यावर. ते मी करीन. सकाळी जे डबे न्यायचे तेही मीच भरीन. रात्रीचं वर, हिच्या ओट्यावर. ते ही करेल. जेवायला मात्र दोन्हीकडे घरात असतील ते सगळे. आता हे एक घर झालं की दोन?"

इन्स्पेक्टरने जरा विचार केला. "एक," तो म्हणाला. मग त्याने लाकडी जिन्याकडे पाहिलं, सासूबाईंच्या गुडघ्यांकडे पाहिलं. "पण आजी, रोज रात्री वर चढून येणार तुम्ही?"

"तो तुमच्या नियमातला प्रश्न आहे का?"

"नाही."

"मग झालं तर."

हे लगेच म्हणाले, "मी मदत करीन चढायला. म्हणजे खोटं होणार नाही." सासूबाईंनी यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. मी कुठे बघावं ते मला कळेना.

इन्स्पेक्टरने नळीवरची पट्टी कापली, कागद हातभर लांब धरून त्यावर लिहिलं आणि सासूबाईंची सही घेतली. ओटा राहिला. मला आनंद व्हायला हवा होता. मी तिथे उभी राहून मनात हिशेब करत होते की दिवसभर दुकानात उभं राहून आल्यावर आता रोज रात्री सगळ्यांचं जेवण मीच, इथेच, आणि सासूबाई रोज माझ्या मागे खुर्चीत. सुटका मागितली होती, बदली मिळाली. हात तोच येणार होता, फक्त एक मजला चढून. माझ्या वाट्याची ती एवढीशी जागा मंजूर झाली होती, ती या अटीवर की ती एकटीची नसेल. मी इन्स्पेक्टरला दुकानाचा पत्ता सांगितला आणि नंबर तपासून घ्या म्हटलं. तो बरं म्हणाला.

त्याच संध्याकाळी मी वर पहिला स्वयंपाक केला. पाय भरून आले होते. खालून यांचा आवाज येत होता, "आता हा पाय, आई. आता हा." जिन्याची एकेक पायरी कुरकुरत होती. त्या येईपर्यंत मी कढई ठेवली, लायटर माझ्या खिळ्यावरून काढला, गॅस पेटवला आणि पूर्ण मोठा केला. खांद्यांत आपोआप ताठरपणा आला. माझी पाठ खरंच ताठ होते, हे मला तेव्हा जाणवलं.

सासूबाई दम घेत दारात उभ्या राहिल्या. यांनी त्यांच्यासाठी टेबलाची खुर्ची ओढली. ती मी ठेवली होती तशीच होती, ओट्याकडे तोंड करून. तिथून गॅस, कढई, मी, सगळं समोर दिसत होतं. सासूबाईंनी एकदा ज्योतीकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्चीची पाठ धरली, ती दोन्ही हातांनी जमिनीवरून फरफटत उलटी फिरवली, ओट्याकडे पाठ केली आणि बसल्या.

"अगं आई, अशी उलटी काय बसतेस?" हे म्हणाले.

"इथून खिडकी बरी दिसते," सासूबाई म्हणाल्या. "बाहेरचं दिसतं जरा."

खोलीला एकच खिडकी आहे, आणि ती ओट्याच्या वर आहे. सासूबाईंच्या समोर कपाटाची बंद दारं होती आणि भिंत होती. ज्या बाईने जेवायला बोलावणाऱ्यांना तोंडावर मीठ कमी म्हणून सांगितलं, सरकारी माणसासमोर ओटा जाईल तर जाऊ दे पण जे खरं नाही ते बोलणार नाही म्हणून सांगितलं, ती बाई भिंतीकडे बघत बसली होती आणि खिडकी दिसते म्हणत होती.

आमच्या ह्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग आईकडे, मग भिंतीकडे. तोंड उघडलं. मी यांच्याकडे असं पाहिलं की तसं इतक्या वर्षांत कधी पाहिलं नसेल. यांनी तोंड मिटलं आणि मुकाट्याने ताटं मांडायला घेतली.

कढई तापली होती. मी कांदा टाकला. तो मला हवा तसा ओरडला. मला रडू फुटलं आणि मी ते आवरलं नाही, कांदा समोर होताच. खुर्चीवरची ती वाकलेली पाठ हलली नाही. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, एकात एक घट्ट गुंतवलेले.

कांद्याच्या कडा लाल व्हायला लागल्या तशी मीच हात पुढे केला आणि गॅस थोडा बारीक केला. सासूबाईंना ते दिसलं नाही.